उकव्याची अळणी खिचडी

"हात लावू नका म्हटलं होतं मी. इसरून या म्हटलं होतं काय?"

आत्या ओरडत होती. आमची आत्या म्हणजे वय अठ्ठ्याहत्तर, वजन अडतीस किलो, आणि त्यातले पस्तीस किलो नुसता आवाज. उकवा या खाणीच्या गावाच्या थोडं पुढं, बैहरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल आणि मधे आमची भाड्याची जीप. जीपच्या पुढं चाळीसेक गाड्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढं मँगनीजनं भरलेला एक ट्रक रस्त्यात आडवा, सगळी चाकं हवेत, लोळायला पडलेल्या गाढवासारखा. आत्याचा आवाज ऐकून तो ट्रक आपला आपण उठून बाजूला होईल असं मला क्षणभर वाटलं. तो काही उठला नाही. पण झाडावरची माकडं खाली उतरून ओळीनं बसली, आणि रस्ता ओलांडायला निघालेला एक वाघ अर्ध्यातून परत फिरला. माकडं मी स्वतः पाहिली. वाघाचं ड्रायव्हरनं सांगितलं, पण दोन वर्षं सांगता सांगता आता तो मीही पाहिलेला आहे.

ओरडण्याचं कारण एक पिशवी.

आत्याचे यजमान गेले त्याला तीसेक वर्षं झाली. त्या वर्षी तिनं नेम घेतला की यापुढं आपल्या हातानं रांधलेलं तेवढंच तोंडात घालायचं. दुसऱ्या कोणाच्या हातचं शिजवलेलं नाही, मग तो सख्खा भाऊ असो की कलेक्टर. बालाघाटला आमच्याच घरात मागच्या बाजूला तिचं छोटं स्वयंपाकघर आहे, त्याचा उंबरा माझ्या बायकोनं लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी ओलांडलेला नाही. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, आत्या आपली पिशवी घेऊन जाते. पिशवीत छोटा स्टोव्ह, शिजवायला पितळेचा लहानसा गंज, डाळ, तांदूळ, हळद, तिखट आणि मिठाची डबी. त्या घरच्यांनी आग्रहानं वाढायला घेतलं की ती म्हणते, मले जागा दाखवा फक्त. आणि त्या पिशवीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मुंग्यासुद्धा वळसा घालून जातात, इतकी त्या पिशवीची दहशत.

त्या रविवारी आम्ही बैहरला निघालो होतो, माझ्या चुलतभावाच्या नव्या घराच्या वास्तूला. आत्यानं पिशवी भरून ओट्यावर ठेवली. तेवढ्यात तिच्या पायाला शेजारची शेळी लागली, म्हणून ती पाय धुवायला परत आत गेली. ड्रायव्हर आला. ही पिशवी मागं टाकू काय, म्हणून त्यानं विचारलं, तर घरातून चार जण एकदम ओरडले की हात लावू नको. तो बिचारा दोन पावलं मागं सरला. माझी बायको पिशवीला वळसा घालून जीपपर्यंत आली, पाण्याची बाटली देऊन पुन्हा वळसा घालून परत गेली. मीही वळसा घातला. आत्या पाय धुऊन निघाली ती मागच्या दारानं, कारण पुढं शेळी उभी होती. ती सरळ जीपमधे बसली, आणि आम्ही निघालो. पिशवी ओट्यावर राहिली, पूर्ण सोवळ्यात.

बायकोचा फोन आला तो आम्ही या ट्रकच्या मागं अडकल्यावर. तिच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "पिशवी इथंच हाये. कोणीच हात नाई लावला, आत्याले सांगा."

मी सांगितलं. त्यानंतरचा आवाज वर आलाच आहे.

आता हसणं संपतं तिथली गोष्ट. आत्याला साखरेचा आजार आहे. सकाळी तिनं सुई टोचून घेतली होती आणि वर वाटीभर पेज. अकराला बैहरला पोचायचं, तिथं चूल मांडायची, बारापर्यंत जेवायचं, असा बेत होता. डॉक्टरनं माझ्यासमोर बजावलं होतं की सुई घेतली की वेळेवर अन्न पाहिजे, साखर उतरली तर माणूस बसल्या जागी जातो. ट्रक पडला होता साडेनवाला, आम्ही येऊन त्याच्या मागं लागलो दहाला, आणि आता एक वाजत आला होता. क्रेन बालाघाटहून निघाली आहे असं सगळे एकमेकांना सांगत होते. मागंही गाड्यांची रांग लागलेली, परत फिरायची सोय नाही. मी ड्रायव्हरकडची बिस्किटं पुढं केली. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की बिस्किटं आपोआप पुड्यात परत गेली.

आणि मग आत्या गप्प झाली.

तीस वर्षांत मी तिला इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं. जानेवारीची थंडी, बाहेर लोक शाली गुंडाळून उभे, आणि आत्याच्या कपाळावर घाम. हात मांडीवर ठेवलेले, ते थरथरत होते. मी तिला हाक मारली तर तिनं मान हलवली, पण भलत्याच दिशेला. मी मोठ्या तोंडाचा माणूस आहे, दफ्तरात मी साहेबाला गप्प करतो असं मीच सर्वांना सांगत असतो. त्या वेळी मी नुसता बिस्किटाचा पुडा उघडत होतो आणि बंद करत होतो.

रस्त्याच्या कडेनं एक बाई येत होती. पन्नाशीची, काळीसावळी, एका हातात बादली, दुसऱ्यात लोटा. अडकलेल्या गाड्यांतल्या लोकांना ती पाणी पाजत येत होती, हे मला नंतर उमगलं. तिनं आमच्या खिडकीत डोकावून आत्याचा चेहरा पाहिला आणि लोटा पुढं केलाच नाही.

"माय, साखर उतरली काय तुमची? आमच्या घरधन्यालेही होते असं."

बादली तिथंच ठेवून ती पळाली. रस्त्यापासून पन्नास पावलांवर एक कौलारू घर होतं, दारावर नाताळातला कागदी तारा अजून लटकत होता. ती परत आली ती मुठीत साखर घेऊन. आत्यानं एवढ्या ग्लानीतही तळवा वर केला आणि खुणेनं सांगितलं की वरून टाक, हाताला हात लावू नको. बाईनं वीतभर उंचीवरून साखर सोडली. कोरडी साखर आत्याच्या नेमात बसते. दोन तळवे साखर खाल्ल्यावर पाचेक मिनिटांनी आत्याच्या डोळ्यांत ओळख आली. "घरी चला माय, दोन घास खा," बाई म्हणाली. आत्याचा पहिला प्रश्न होता, "घर कोणाचं तुमचं?"

"ख्रिश्चन आहोत, माय."

"मंग मी नाई येत," आत्या म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता.

मी मान खाली घातली. वाटलं, बाई आता बादली उचलून निघून जाईल, आणि जावंच तिनं. साखर तासभर धरून ठेवेल, पुढं अन्न लागणारच होतं, आणि क्रेनचा पत्ता नव्हता. बाई मात्र खिडकीला टेकून उभी राहिली. तिला राग आलेला नव्हता. भाजीचा भाव समजून घ्यावा तसं तिनं शांतपणे विचारलं, "काय नाई चालत, माय? आमचं घर नाई चालत, का आमच्या हातचं नाई चालत?"

आत्याला असा सरळ प्रश्न कधी कोणी विचारलेला नसावा. ती म्हणाली, "हातचं."

"माझ्याच हातचं?"

"कोणाच्याच हातचं नाई."

"तं मंग तुम्हीच रांधा ना. चूल हाये, लाकडं हायेत."

यापुढं जे झालं ते सांगताना मला एक अडचण येते. मी वाढवून सांगतो हे बालाघाटात बसस्टँडपासून कचेरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढचं मी जसंच्या तसं सांगतो, आणि नेमकं तेच कोणी मानत नाही. वाघ मानतात. कोंबडी मानत नाहीत.

तर कोंबडी. रविवार होता. बाई आणि तिचा नवरा सकाळी प्रार्थनेला जाऊन आले होते आणि बाईनं चुलीवर कोंबडीचा रस्सा ठेवला होता, बाजूला भाताचं भगोणं. आत्याला धरून मी अंगणात पाय ठेवला आणि त्या रश्श्याचा वास माझ्या नाकात शिरला. सकाळपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. त्या वासाच्या मागं मी पायी जबलपूरपर्यंत गेलो असतो. अंगणात खाटेवर त्या बाईचा नवरा बसला होता. खाणीतून निवृत्त झालेला, मूळचा तुमसरकडचा, फावड्याएवढे पंजे. बायकोनं त्याला दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. तो उठला, आत्याला बसायला खाट रिकामी केली, आणि काही न विचारता चुलीवरून रश्श्याचं पातेलं फडक्यानं धरून उचललं. बाईनं भाताचं भगोणं उचललं. दोघं ते घेऊन माझ्या नाकासमोरून, अगदी नाकासमोरून, रस्त्यावर गेले आणि अडकलेल्या ट्रकवाल्यांना वाढून आले. आमचा ड्रायव्हर त्या पंगतीत बसला. त्या कोंबडीचं वर्णन तो मला आजही ऐकवतो, आणि दर वेळी कोंबडीला एक तंगडी वाढते.

तेव्हा मला वाटलं की यांनी घरापुरतं थोडं काढून ठेवलं असेल. पातेलं परत आलं ते घासूनच.

मग बाई कामाला लागली. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत सारवलं. आत्यानं तसं सांगितलंही नव्हतं. सारवून झाल्यावर तिनं विचारलं, अजून काही करतात काय तुमच्यात, सांगा. आत्याकडं अशा वेळी सांगायला किमान एकवीस गोष्टी असतात. ती म्हणाली, बस, झालं. बाईनं आतल्या खोलीतली पेटी उघडली आणि कोरं करकरीत स्टीलचं भगोणं काढलं, बुडाला दुकानाचा कागद अजून चिकटलेला. मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या भांड्यांतलं होतं ते. नखानं कागद खरवडत ती म्हणाली, "यात कोणाचंच शिजलं नाई अजून, माय." डाळ आणि तांदूळ नव्या पाकिटातले दिले. पाणी मला हातपंपावरून आणायला लावलं, कारण मी निदान आत्याच्या घरातला.

आणि मग ती स्वतःच्या स्वयंपाकघरातून बाहेर निघाली.

हे मी उभं राहून पाहिलं आहे. तिनं उंबऱ्याबाहेर पाय ठेवला, हात धुतले, आणि अंगणात नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली. दाराकडं तोंड करून. आपल्याच चुलीकडं ती बाहेरून पाहत होती, आणि तिला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून पदराच्या टोकाची घडी करत होती आणि मोडत होती. घरात पाहुणा आला की त्याला बसायला पाट, ओसरी, फार तर एखादी खोली देतात, हे मी जन्मभर पाहिलं. मीही दिली आहे, आणि दिल्याचं दहा ठिकाणी सांगितलं आहे. चूल कोणी देत नाही. आमच्या घरात चुलीवरून तर तीस वर्षं शांतता आहे, म्हणजे कोणी तिकडं जातच नाही.

आत्या आत गेली. स्वयंपाकघरात भिंतीवर लाकडाचा लहानसा क्रूस होता. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं, आणि मी पुढच्या वादळाची तयारी केली. तिनं फक्त डोक्यावर पदर घेतला आणि चुलीसमोर बसली. घरात अनोळखी वडीलधारा माणूस असला की ती तसाच पदर घेते.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "हळद कुठं हाये?"

"वरची फळी, माय, उजव्या हाताले," बाई जागेवरून न उठता म्हणाली. "तिखट त्याच्या बाजूले. अन् मीठ..."

"मीठ नको," आतून उत्तर.

मला ते उत्तर कळलं. आत्याचं मिठाबद्दल स्वतःचं एक शास्त्र आहे. तिच्या मते धान्य जमिनीचं असतं, पाणी आभाळाचं, लाकूड जंगलाचं, त्यामुळं ते कुठूनही घेतलं तरी माणूस कोणाचा होत नाही. मीठ मात्र घराचं. ज्या घरचं मीठ पोटात गेलं त्या घराशी आपण बांधलो. म्हणून ती मिठाची डबी जिथं जाईल तिथं नेते, आणि डबी आत्ता बालाघाटला ओट्यावर सोवळ्यात होती. साखर घेतली ती जीव वाचवायला. पण मीठ घेऊन त्या घराशी बांधून घ्यायचं तिच्या मनात नव्हतं.

चुलीत लाकडं चांगली लागली होती. बाहेर आम्ही तिघं बसलो होतो, आणि बाईनं दाराकडं पाहून विचारलं, जरा संकोचून, पाहुणा विचारतो तसं: "माय, आमालेही भेटल का थोडं?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

तीस वर्षं आत्या एका माणसाचं रांधत आली होती. तिचं भगोणं वाटीएवढं. तिला कोणी मागितलं नव्हतं, कारण मागायची कोणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच. मग आतून पाकीट उघडल्याचा आवाज, आणि तांदूळ पडल्याचा. एक मूठ, दोन, तीन. मी मोजले, कारण माझाही त्यात वाटा असणार होता.

खिचडी झाली तशी साखरेची भीती गेली. आत्यानं आधी स्वतःचं ताट वाढून उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि मग आम्हा तिघांची ताटं उंबऱ्यापर्यंत सरकवली. खाणीतल्या त्या माणसानं मोठे पंजे जोडले, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना केली, आत्याला ऐकू जाईल अशी. प्रार्थना दोनच वाक्यांची होती: हे अन्न दिलंस म्हणून आभार, अन् आज आमच्या घरी रांधाले या मायले धाडलं म्हणून आभार. मग त्यानं पहिला घास घेतला.

मीही घेतला. अळणी खिचडी मी आजारपणात खाल्ली आहे, पण त्या वेळी तोंडाला चव नव्हती. आता तोंडाला चव होती आणि खिचडीला नव्हती. भिंतीचा चुना गरम करून त्यात तांदूळ घातल्यासारखं लागत होतं. आणि ती दोघं सणाचं जेवण जेवावं तशी जेवत होती. कोंबडी रस्त्यावर देऊन आलेली माणसं. नवऱ्यानं ताट निपटलं आणि पुन्हा मागितलं. बाई म्हणाली, डाळ मस्त शिजली, माय, माझी अशी नाई शिजत.

आत्या आतून पाहत होती. तिचाही पहिला घास झाला होता. तिनं तो गिळला, आणि दुसरा घेतलाच नाही.

"मीठ लागत नाई काय तुमाले?" तिनं विचारलं.

"लागते ना," तो म्हणाला.

"मंग मांगत काहून नाई?"

"तुम्ही टाकलं नाई तं काई कारण असंल," तो म्हणाला. "आज चूल तुमची हाये. घरच्या बाईले काय मीठ मागाचं."

आत्या सहसा अनोळखी पुरुषाशी एवढं बोलत नाही. पण तिला राहवलं नसावं. "काहून केलं तुम्ही असं? चूल कोनी देते काय?"

त्यानं बोटं चाटली. उपदेश करायच्या थाटात तो बोलला नाही. आमच्या गावच्या नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगावं तसं बोलला.

"आमच्याकडं द्यासारखं काय हाये, माय? देवानं तं अख्खी दुनिया देली आपल्याले राहाले. आभाळ, जंगल, चूलपाणी, समदं. मालक तो अन् घरात आपण. अन् मंग स्वतः आला तं त्याले जागा नोती, गोठ्यात निजला. अजूनही कोनाच्या घरात घुसत नाई. दारात उभा राहून इचारते, मले भेटल का थोडं, म्हणून. हे तं एकाच दिवसाची चूल हाये."

बाईनं त्याला कोपर मारलं, की जेवताना किती बोलता.

देवाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की आपण नैवेद्य घेऊन त्याच्या दाराशी जायचं, घंटा वाजवायची आणि उरलेलं घरी आणून खायचं. तो आपल्या दाराशी उभा असेल, आणि आतल्या माणसानं अळणी वाढलं तरी दुसऱ्यांदा मागून घेत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी त्या उंबऱ्याकडं पाहिलं. एवढासा उंबरा, शेणाच्या सारवणानं ओला. त्याच्या आत आमची आत्या, जिनं सत्तावीस वर्षं माझ्या बायकोला आत येऊ दिलं नाही. आणि बाहेर त्या घराची धनीण, आपल्याच घरात खायला मागून जमिनीवर बसलेली. माझ्या अंगावर काटा आला. तो जानेवारीचा होता असं मी दफ्तरात सांगतो.

आत्यानं आपलं ताट बाजूला सरकवलं. तळवा पुढं केला, मघाशी साखरेसाठी केला होता तसाच, पण या वेळी खाली, उंबऱ्याबाहेर.

"मीठ दे," ती म्हणाली.

बाई लगेच उठली. दोन पावलं आली, आणि दारात थांबली. मीठ आतल्या फळीवर होतं. तिनं एक पाय उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला.

"आत येऊ काय, माय?"

स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती विचारत होती. थट्टा नव्हती तिच्या तोंडावर. चूल दिली म्हणजे दिली.

मग आत्यानं आपला पाट थोडा भिंतीकडं सरकवला. चुलीशेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"ये," ती म्हणाली.

बाई आत गेली, मिठाचा डबा काढला. आत्यानं वरून टाक म्हटलं नाही. बाईच्या हातातून चिमूट घेतली, आपल्या ताटात घातली, मग भगोण्यात घालून ढवळलं. आणि दोघी जणी चुलीशेजारी बसून जेवल्या. आम्हा दोघा पुरुषांना मीठ बरंच नंतर मिळालं. मी तीनदा घेतलं. खिचडीत असं काही नव्हतं, साधी तूरडाळीची खिचडी. पण आजवर मी जिथं जिथं जेवलो, आणि मी जिल्ह्यातल्या सगळ्या पंगती जेवलो आहे, तिथल्या जेवणाचं वर्णन मला वाढवून करता येतं. हिचं येत नाही.

क्रेन साडेतीनला आली. निघताना आत्यानं ते नवं भगोणं राखेनं घासून दिलं. बूड चुलीनं काळं झालं होतं, ते काही निघालं नाही. बाई म्हणाली, राहू द्या माय, लेकीले सांगन म्या. जीपमधे आत्या बैहरपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि या वेळी मी घाबरलो नाही. बैहरला पोचल्यावर तिनं माझ्या चुलतभावाला पाण्याच्या टाकीच्या जागेवरून असं फैलावर घेतलं की शेजारच्या तीन गावांची वास्तू त्यातच शांत झाली.

पुढं आमच्या घरात काही बदललं नाही. आत्याचा नेम तसाच, पिशवी तशीच, उंबरा तसाच. माझ्या बायकोनं एकदा विचारून पाहिलं की आत्या, मी येऊन भाजी चिरून देऊ काय, तर उत्तर वाघालासुद्धा ऐकू गेलं असतं. मला वाटलं, ते उकव्याला राहिलं. जंगलात एक दुपार माणसाला काहीतरी होतं, आणि घरी आलं की निघून जातं.

होळी झाल्यावर एका सकाळी ओट्यावर उकव्याची ती दोघं उभी. बाईच्या हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका, नवऱ्याच्या एका डोळ्याला हिरवी पट्टी. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदू काढून तीन दिवसांनी सुटी मिळाली होती, आणि उकव्याची बस दुपारी तीनला होती. पाच मिनिटं बसून निघतो म्हणाले. पत्रिका द्यायचीच होती. मी बसा म्हटलं, बायकोनं चहा टाकला. मनात म्हटलं, आता यांना जेवायचा आग्रह मी करीन, जेवण आमच्या स्वयंपाकघरात होईल, आणि मागच्या बाजूला आत्या एकटीच तिचं छोटं भगोणं घेऊन बसेल. हे त्यांना दिसेल. मला त्याची लाज आधीच वाटू लागली.

आवाज ऐकून आत्या मागच्या दारातून आली. हात पिठाचे. तिनं बाईला पाहिलं, नवऱ्याच्या डोळ्याची पट्टी पाहिली. परत आत गेली. आतून भांडी सरकवल्याचा, पाणी ओतल्याचा, केरसुणीचा आवाज येत राहिला. बायको माझ्याकडं आणि मी बायकोकडं. दहा मिनिटांनी आत्या बाहेर आली, हात धुतलेले. बाईच्या दंडाला धरलं आणि तिला मागं घेऊन गेली. आणि मग आत्या एकटीच परत आली, अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, आणि त्या माणसाशेजारी बसली, तोंड स्वयंपाकघराकडं करून.

मागून काडी ओढल्याचा आवाज आला.

सत्तावीस वर्षांत मी माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं. तिनं मला ढकललं. मी आत्याजवळ गेलो, खाली वाकलो, आणि माझ्या मानानं अगदी हळू आवाजात विचारलं, "आत्या, आत त्या रांधून राह्यल्या. तुझा नेम?"

आत्या पदराच्या टोकाची घडी करत होती. माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मिठाची डबी खालच्या फळीवर हाये, डाव्या हाताले," ती म्हणाली. "सांग तिले."